मुंबईत जन्मलेली संघटना आणि वॉशिंग्टनची अट

१९८४ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिको सिटीत संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्या परिषद भरली, तेव्हा इंटरनॅशनल प्लॅन्ड पेरेंटहूड फेडरेशन या जागतिक संघटनेच्या अध्यक्ष होत्या मुंबईच्या आवाबाई वाडिया. जन्म कोलंबोचा, वकिलीची परीक्षा इंग्लंडमधली आणि आयुष्यभराचं काम मुंबईतून. त्या परिषदेत अमेरिकी शिष्टमंडळाचे प्रमुख जेम्स बकली यांनी रेगन सरकारचं नवं धोरण जाहीर केलं. परदेशातल्या कुठल्याही बिगरसरकारी संस्थेला अमेरिकेचे कुटुंबनियोजनाचे पैसे हवे असतील, तर तिनं कुटुंबनियोजनाचा मार्ग म्हणून गर्भपात करायचा नाही, त्याचा सल्ला द्यायचा नाही, त्यासाठी बाईला दुसऱ्या दवाखान्यात पाठवायचं नाही आणि आपल्या देशात तो कायदेशीर व्हावा म्हणून खटपटही करायची नाही. दहाच वर्षांपूर्वी, बुखारेस्टच्या परिषदेत, हीच अमेरिका गरीब देशांच्या मागे कुटुंबनियोजनाचा लकडा लावत होती.

या धोरणाला ‘मेक्सिको सिटी पॉलिसी’ असं नाव पडलं. विरोधक त्याला ‘ग्लोबल गॅग रूल’ म्हणतात. तोंड बंद ठेवण्याची अट, म्हणजे तोंडबंदी. मी पुढे हाच शब्द वापरणार आहे, कारण अटीचं खरं काम तेच आहे. अमेरिकेचा पैसा गर्भपातासाठी वापरायला बंदी त्याआधीच होती. १९७३ साली सिनेटर जेसी हेल्म्स यांच्या दुरुस्तीनं ती परकीय मदतीच्या कायद्यात घातली होती. १९८४ ची अट त्याच्या पलीकडे गेली. संस्थेनं स्वीडनकडून, ब्रिटनकडून किंवा आपल्याच गावातल्या देणगीदारांकडून जमवलेल्या पैशांतून काय करावं आणि काय बोलावं, हेही आता वॉशिंग्टन ठरवणार होतं.

आवाबाईंच्या संघटनेपुढची अडचण समजायची, तर तिच्या जन्माकडे पाहावं लागतं. १९५२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ही संघटना स्थापन झाली. यजमानपद फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडियाकडे होतं. १९४९ साली मुंबईत सुरू झालेल्या या संस्थेचा पाया धन्वंती रामा राव, आवाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला होता. १९२१ पासून या शहरात र. धों. कर्वे संततिनियमनाचं केंद्र चालवत होते आणि त्यापायी लोकांचा रोष सोसत होते. त्यामुळे बायकांच्या शरीराविषयी बोलू नका, हा हुकूम मुंबईला नवा नव्हता. नवी होती ती दिशा, हुकूम आता समुद्रापलीकडून येत होता.

मधल्या काळात भारताचा कायदाही बदलला होता. चोरून केलेल्या गर्भपातात बायका मरत आहेत, हे पाहून केंद्र सरकारनं १९६४ साली महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९६६ साली आला. त्यावरून संसदेनं १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. म्हणजे मेक्सिको सिटीत बकली बोलले तेव्हा भारतातली बाई बारा वर्षं कायदेशीरपणे नोंदणीकृत डॉक्टरकडे जाऊ शकत होती. तरीही अमेरिकेचं अनुदान हवं असेल, तर आंतरराष्ट्रीय संघटनेनं आपल्या सदस्य संस्थांवर ही अट लादायची होती. सदस्य संस्था स्वायत्त आहेत, त्यांनी आपापल्या देशाच्या कायद्यानुसार चालावं, अशी संघटनेची भूमिका होती. तिनं नकार दिला. त्यात सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर गेले. गर्भपाताशी संबंधित काम हा तिच्या एकूण कामाचा लहानसा भाग होता. बाकीचं काम निरोध, तांबी, गोळ्या, बाळंतपणाची काळजी यांचं. अनुदान गेलं ते या सगळ्याचं.

अटीच्या बारकाव्यांत शिरलं की ती दवाखान्याच्या खोलीत नेमकी कुठे बसते ते दिसतं. समजा, नर्ससमोर एक बाई बसली आहे. पदरात तीन मुलं, पुन्हा दिवस राहिलेले, पुढे काय करायचं ते तिलाच उमगलेलं नाही. देशाचा कायदा गर्भपाताला परवानगी देतो. नर्सनं उपलब्ध मार्ग समजावून सांगायला सुरुवात केली की अट मोडली. बाईनं स्वतःहून सांगितलं की तिचा निर्णय पक्का झाला आहे, कायदेशीर गर्भपात कुठे होईल असं थेट विचारलं आणि त्या देशाच्या वैद्यकीय नीतीनुसार अशा प्रश्नाला उत्तर देणं भागच असलं, तरच नर्सनं ठिकाण सांगायचं. नेमके शब्द माहीत असलेल्या बाईला उत्तर मिळतं. घाबरलेली, अर्धवट बोलणारी, सासू सोबत असल्यानं गप्प राहणारी बाई तशीच घरी परतते. बलात्कार, रक्ताच्या नात्यातला अत्याचार आणि जिवाला धोका हे अपवाद कागदावर आहेत. गर्भपातानंतरच्या गुंतागुंतीवर उपचार करायलाही मुभा आहे. पण अनुदान जाईल या धास्तीनं संस्था परवानगी असलेल्या गोष्टींवरही मौन पाळतात, हे पुढे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलं.

अटीच्या समर्थकांचं म्हणणं नीट ऐकून घेण्यासारखं आहे. अमेरिकी प्रतिनिधिगृहातले न्यू जर्सीचे सदस्य ख्रिस स्मिथ यांनी ही बाजू दशकानुदशकं मनापासून लढवली आहे. पैशाला रंग नसतो, असा तो युक्तिवाद. निरोधाचा खर्च अमेरिकेनं उचलला की संस्थेचे तेवढे पैसे मोकळे होतात आणि ते गर्भपाताकडे वळतात. ज्या करदात्याला गर्भपात ही हत्या वाटते, त्याच्या खिशातून असं आडवळणानंही काही जाऊ नये. हा श्रद्धेतून आलेला आक्षेप आहे आणि मी त्याची टिंगल करणार नाही. पण मग तेव्हा अट परदेशी सरकारांना का नव्हती? सरकारी इस्पितळांत गर्भपात करणाऱ्या देशांना अमेरिकेची मदत सुरू राहिली. त्यांचाही पैसा तसाच मोकळा होत होता. अट लागली ती फक्त संस्थांना, ज्यांच्याकडे ना सैन्य, ना वकिलात, ना संयुक्त राष्ट्रांत मत. अमेरिकी संस्थांनाही ती जशीच्या तशी लावता आली नाही, कारण त्यांच्या बोलण्याला तिथल्या राज्यघटनेचं संरक्षण आहे.

पुढे ही अट सत्तेबरोबर येत-जात राहिली. २२ जानेवारी १९९३ रोजी क्लिंटन यांनी ती काढली. २२ जानेवारी २००१ रोजी बुश यांनी परत लावली. २३ जानेवारी २००९ रोजी ओबामांनी काढली. २३ जानेवारी २०१७ रोजी ट्रम्प यांनी लावली आणि वाढवली. २८ जानेवारी २०२१ रोजी बायडेन यांनी काढली. २४ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी पुन्हा लावली. प्रत्येक वेळी जानेवारी, प्रत्येक वेळी एक सही. मधे एकदाच ती कायद्याच्या रूपात आली. १९९९ साली अमेरिकेनं संयुक्त राष्ट्रांची वर्गणी इतकी थकवली होती की आमसभेतलं मत जाण्याची वेळ आली. स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गणीचा प्रश्न याच अटीशी बांधला. क्लिंटन यांनी एका वर्षापुरती सौम्य केलेली तोंडबंदी मान्य केली, तेव्हा थकबाकीचा मार्ग मोकळा झाला.

सहीनं लागणारी अट कायमची काढायची, तर कायदा हवा. त्यासाठीचं विधेयक २००१ पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, आहे. सिनेटमध्ये कॅलिफोर्नियाच्या बार्बरा बॉक्सर आणि प्रतिनिधिगृहात न्यू यॉर्कच्या नीटा लोवी यांनी त्याचा पाठपुरावा केला. तेव्हा त्याचं नाव ‘ग्लोबल डेमॉक्रसी प्रमोशन ॲक्ट’. २०१७ साली जीन शाहीन आणि लोवी यांनी तेच ‘ग्लोबल हर ॲक्ट’ या नावानं आणलं. ‘हर’मध्ये आरोग्य, सक्षमीकरण आणि हक्क या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत.

इतकं लहान आणि स्वच्छ विधेयक क्वचितच वाचायला मिळतं. त्यात कामाच्या गोष्टी दोनच. पहिली: परदेशी संस्था स्वतःच्या, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या, पैशांतून जी वैद्यकीय सेवा, सल्ला किंवा माहिती देते, ती तिच्या देशात कायदेशीर असेल आणि अमेरिकेतही बेकायदा नसेल, तर केवळ तेवढ्या कारणानं तिला मदतीतून वगळता येणार नाही. दुसरी: अमेरिकी संस्थांच्या प्रचारावर जेवढी बंधनं आहेत, त्याहून जास्त बंधनं परदेशी संस्थांच्या स्वतःच्या पैशांतल्या प्रचारावर घालता येणार नाहीत. गर्भपातासाठी एक डॉलरही हे विधेयक देत नाही. हेल्म्स यांची बंदी जिथे होती तिथेच राहते. समर्थकांनी हे मुद्दाम केलं, कारण गर्भपाताविषयी मनात किंतु असलेल्या मतदारालाही ‘आपल्याच लोकांना एक न्याय आणि परक्यांना दुसरा का’ हा प्रश्न पटू शकतो.

आणि तो पटलाही. सिनेटनं हा मजकूर २००३ साली ५३ विरुद्ध ४३ मतांनी स्वीकारला, २००५ साली ५२ विरुद्ध ४६ मतांनी आणि २००७ साली ५३ विरुद्ध ४१ मतांनी. पहिल्या दोन्ही वेळी तर सिनेटमध्ये बहुमत रिपब्लिकन पक्षाचं होतं. मेन राज्याच्या ऑलिम्पिया स्नो यांच्यासारख्या त्या पक्षाच्या काही सदस्यांनी उघडपणे साथ दिली. मग अडलं कुठे?

तिन्ही वेळा हा मजकूर स्वतंत्र विधेयक म्हणून पुढे गेला नाही. तो दुसऱ्या मोठ्या विधेयकाला दुरुस्ती म्हणून जोडलेला होता. २००३ आणि २००५ मध्ये परराष्ट्र खात्याच्या विधेयकाला जोडला आणि ती विधेयकंच तडीला गेली नाहीत. २००७ मध्ये खर्चाच्या विधेयकाला जोडला, बुश यांनी नकाराधिकार वापरण्याची तंबी दिली आणि वर्षअखेरच्या तडजोडीत सर्वांत आधी हाच मजकूर गळला. खर्चाच्या विधेयकावर सरकारचा गाडा चालतो. त्याच्या पोटात ठेवलेली तत्त्वाची गोष्ट शेवटच्या रात्री दोन्ही बाजूंना ओझं वाटते. नकाराधिकार मोडायला दोन तृतीयांश मतं लागतात आणि ५३ हा आकडा त्याच्या जवळपासही नव्हता.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकतं ते २००९. ओबामांनी अट काढली होती, दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटिक पक्षाचं बहुमत होतं आणि काही महिने तर सिनेटमध्ये चर्चा रोखणाऱ्यांना नमवायला लागणारी ६० मतंही त्याच बाजूला होती. सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांची, अट कायमची काढणारी दुरुस्ती सिनेटच्या खर्च समितीनं मंजूर केली. अंतिम कायद्यात ती नव्हती. कारणं समजतात. पक्षातच गर्भपाताला विरोध करणारे सदस्य होते आणि त्याच वर्षी आरोग्यविम्याचा कायदा गर्भपाताच्या प्रश्नावर बुडता बुडता वाचला. शिवाय अट तर निघाली होती, मग घाई कशाला? ती घाई करायला हवी होती. विरोधी पक्षाचा अध्यक्ष असताना हा कायदा सहीपर्यंत पोचत नाही आणि आपला अध्यक्ष असताना त्यासाठी कुणी राजकीय किंमत मोजायला तयार नसतं. २०२१ साली प्रतिनिधिगृहानं तोंडबंदी कायमची उठवणारं कलम खर्चाच्या विधेयकात मंजूर केलं. पुढच्या वर्षीच्या मार्चमधल्या अंतिम कायद्यातून ते बाहेर पडलं. तीच चूक, बारा वर्षांनी.

वैचारिक अट कायद्यानं काढता येतच नाही, असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. २००३ साली अमेरिकेनं एचआयव्हीविरोधी जागतिक कार्यक्रमासाठी १५ अब्ज डॉलरचा कायदा केला. प्रतिबंधावरच्या खर्चातला किमान एक तृतीयांश पैसा ‘लग्नापर्यंत संयम’ या शिकवणीवर घालवावा, असं त्यात लिहिलेलं होतं. २००६ साली काँग्रेसच्याच लेखापरीक्षण कार्यालयानं आणि २००७ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं दाखवून दिलं की या कोट्यामुळे त्या-त्या देशाच्या गरजेप्रमाणे काम करता येत नाही. २००८ साली कायद्याचं नूतनीकरण होऊन रक्कम ४८ अब्ज झाली, तेव्हा तो कोटा गेला आणि त्याजागी अहवाल देण्याची सौम्य तरतूद आली. त्यावर सही केली बुश यांनीच. कोट्याचं नुकसान आकड्यांत मांडता आलं होतं आणि मूळ कार्यक्रम दोन्ही पक्षांना हवा होता, म्हणून ते जमलं असं मला वाटतं.

त्याच कायद्यातली दुसरी अट मात्र टिकली, आणि ती थेट सांगलीपर्यंत पोचली. वेश्याव्यवसायाला आमचा विरोध आहे, असं धोरण लेखी स्वीकारल्याशिवाय संस्थेला पैसे मिळणार नव्हते. सांगलीत मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेचं काम १९९२ पासून सुरू होतं. देहविक्रय करणाऱ्या बायकाच तिथे एकमेकींना निरोध पुरवत होत्या, आजाराची माहिती देत होत्या. त्यातूनच त्यांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. ज्या बायकांच्या विश्वासावर सगळं काम उभं आहे, त्यांच्याच विरोधात कागदावर सही कशी करायची? २००५ साली संग्रामनं ती अट नाकारून अमेरिकेचा पैसा सोडला. त्याच वर्षी ब्राझील सरकारनं याच कारणासाठी सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले. ब्राझील मोठा देश, त्याची बातमी जगभर झाली. पण ब्राझीलकडे स्वतःची तिजोरी होती. सांगलीतल्या संस्थेचा नकार मला त्याहून धाडसाचा वाटतो.

या शपथेचा वाद न्यायालयात गेला आणि त्यातूनच पुढचा रस्ता कळतो. २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की अमेरिकी संस्थांना अशी शपथ घ्यायला लावणं घटनाबाह्य आहे. २०२० साली त्याच न्यायालयानं पाच विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की त्यांच्याशी संलग्न असल्या तरी परदेशात नोंदलेल्या संस्थांना अमेरिकी राज्यघटनेचे हक्क नाहीत. तोंडबंदीविरुद्धचा खटला तर २००२ सालीच अपिली न्यायालयात हरला होता. तो निकाल लिहिला होता सोनिया सोटोमायर यांनी. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात अल्पमताच्या बाजूला बसलेल्या तिघांत त्याही होत्या. परदेशी संस्थेसाठी न्यायालयाचं दार बंद झालं. काँग्रेसचं तेवढं राहिलं.

आणि अटीनं साधलं काय? याची सर्वांत काटेकोर तपासणी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध केली. आफ्रिकेतल्या २६ देशांची १९९५ ते २०१४ मधली माहिती त्यांनी घेतली आणि अमेरिकी मदतीवर जास्त अवलंबून असलेल्या देशांची कमी अवलंबून असलेल्यांशी तुलना केली. अट लागू असताना पहिल्या गटात आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर सुमारे १४ टक्क्यांनी घटला, गर्भधारणा सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या आणि गर्भपात सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. अट उठली की हे आकडे पुन्हा उलट फिरले. गर्भपात करणारी संस्था हीच बहुतेक ठिकाणी तांबी आणि गोळ्या देणारी संस्था असते. तिचे पैसे थांबले की आधी थांबतो तो निरोधाचा पुरवठा. गर्भपात कमी व्हावेत असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी या आकड्यांना उत्तर द्यायला हवं. मला तरी ते अजून वाचायला मिळालेलं नाही.

नेपाळची हकीकत आकड्यांत न मावणारी. २००१ साली तिथे गर्भपाताला पूर्ण बंदी होती आणि त्यापायी बायका तुरुंगात होत्या. कायदा बदलण्याची चळवळ ऐन भरात असतानाच बुश यांची अट आली. नेपाळच्या कुटुंबनियोजन संघटनेनं सही केली असती, तर तिला आपल्याच संसदेपुढे बोलता आलं नसतं. तिनं अमेरिकी पैसा सोडला आणि तिच्या प्रमुखांनी वॉशिंग्टनला जाऊन सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. २००२ साली नेपाळचा कायदा बदलला. आपल्या देशाचा कायदा कसा असावा, हे आपल्या खासदाराला सांगण्याचा हक्क दुसऱ्या देशाच्या अनुदानासाठी गहाण टाकावा लागतो, हे माझ्या लेखी या प्रकरणातलं सर्वांत मोठं पाप आहे.

२०१७ साली ट्रम्प यांनी अट कुटुंबनियोजनापुरती न ठेवता अमेरिकेच्या जवळजवळ सगळ्या जागतिक आरोग्यमदतीला लावली. आधी ती सुमारे ६० कोटी डॉलरला लागत होती, आता सुमारे ८.८ अब्ज डॉलरला. एचआयव्ही, मलेरिया, क्षय, बालपोषण, सगळं आत आलं. २०१९ साली ती आणखी ताणली गेली. सही केलेल्या संस्थेनं आपल्या इतर देणगीदारांचे पैसे ज्यांना पुढे दिले, त्यांच्यावरही ती पोचली. आवाबाईंच्या जुन्या संघटनेनं तेहतीस वर्षांनी पुन्हा नकारच दिला. नेदरलँड्सच्या मंत्री लिलियान प्लाउमन यांच्या पुढाकारानं मार्च २०१७ मध्ये ब्रसेल्सला देणगीदार जमले आणि १८ कोटी १० लाख युरो उभे राहिले. मोठी रक्कम, पण गेलेल्या पैशांपुढे अपुरी.

आता पायाखालची जमीनच हलली आहे. जानेवारी २०२५ मध्ये अट परतली, त्याच आठवड्यात परकीय मदत गोठवण्याचा आदेश निघाला आणि १ जुलै २०२५ पासून परदेशी मदत वाटणारी यूएसएड ही सरकारी संस्थाच संपवून उरलेलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. ग्लोबल हर ॲक्ट नव्या काँग्रेसमध्येही मांडला गेला आहे, पण या सभागृहांत तो मतदानाला येईल असं मानायला जागा नाही. मदतच आटली तर अटीवर कायदा कशाला, असा प्रश्न मला मित्रांनी विचारला आहे. माझं उत्तर असं, की मदत कधी ना कधी नव्यानं आखली जाईल आणि त्यासाठी नवा कायदा लिहिला जाईल. २००८ साली संयमाचा कोटा गेला तो अशाच वेळी, मूळ कायदाच पुन्हा लिहिला जात असताना. विधेयकाची ती दोन कलमं तेव्हा पहिल्याच मसुद्यात असायला हवीत. वर्षअखेरच्या खर्चाच्या विधेयकाची वाट पाहत बसलं, तर काय होतं ते २००७, २००९ आणि २०२२ साली पाहून झालं आहे.